शेतातच डाळमिल टाकायची तर एनए (बिनशेती परवानगी) लागतं का?

रानपाखरू | ९ जून, २०२४ - २१:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचून पळ काढणारा. आज गरज पडली म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

मराठवाड्यात वडिलांच्या नावावर साडेतीन एकर जिरायत आहे. तूर, सोयाबीन, पाऊस बरा झाला तर हरभरा. तूर दरवर्षी बाजार समितीत नेऊन घालायची आणि तीच डाळ होऊन किराणा दुकानात आली की भाव बघून गप्प बसायचं, हे आता पुरे झालं. शेतातच चाळीस बाय साठची पत्र्याची शेड मारून मिनी डाळमिल, चाळणी आणि प्रतवारीचं यंत्र बसवायचं डोक्यात आहे. आधी घरची तूर, जम बसला की आजूबाजूच्यांचीही भरडून द्यायची. शेत गावठाणापासून दीड किलोमीटर. डांबरी रस्ता अर्ध्या किलोमीटरवर, मध्ये पाणंद.

आता गंमत ऐका. तलाठी म्हणतात एनए झाल्याशिवाय एक खांब रोवू नका. ग्रामसेवक म्हणतात ग्रामपंचायतीचा ठराव आणि ना हरकत घ्या, शेडला कर लावून टाकतो, विषय संपला. तालुक्याला एक सल्लागार भेटले, ते म्हणतात दोघांनाही काही कळत नाही, फाइल माझ्याकडे द्या. त्यांचा आकडा ऐकून चहा तसाच ठेवून उठलो.

तर एनए खरंच लागतं का? लागत असेल तर सुरुवात कुठून करायची? आणि थोडा राग म्हणून : एकीकडे पोरांनो शहरात जाऊ नका, गावातच उद्योग करा म्हणायचं आणि शेड मारायची म्हटलं की तिघांनी तीन दिशा दाखवायच्या. हे नियम नेमके कुणासाठी केलेत?

गुंठामंत्री | ९ जून, २०२४ - २१:५८

आधी शेड मार, मग धागा काढ. आमच्याकडे सगळे तसंच करतात.

पोटखराबा | ९ जून, २०२४ - २२:३६

गुंठामंत्रींचं ऐकू नका, त्यांची शेड बहुतेक हायवेला लागून आहे :)

महसूल खात्यात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. तलाठी आणि ग्रामसेवक दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणूनच घोळ होतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्यात 'शेतघर' म्हणजे फार्म बिल्डिंगची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण ठेवायची जागा, शेतमालाची साठवण, जनावरांचा निवारा, धारकाचं कुटुंब, गडी किंवा कुळ यांना राहायला घर, आणि तुमच्या वहिवाटीचा अविभाज्य भाग असलेलं आणखी काही. एवढ्यासाठी बांधलेली इमारत म्हणजे शेतीच, त्याला बिनशेती परवानगी लागत नाही. कलम ४१ मध्ये अशा बांधकामांवरही काही भागांत मर्यादा आहेत, पण तो मोठ्या शहरांच्या आसपासचा मामला.

म्हणजे तुमच्या तुरीची पोती ठेवायला शेड मारली तर ती शेतीची. त्याच शेडमध्ये यंत्र बसवून गावाची तूर भरडायला लागलात आणि किलोमागे पैसे घेतलेत की तो व्यवसाय. मग कलम ४२ लागू होतं, म्हणजे बिनशेती. परवानगीशिवाय वापर बदलला तर कलम ४५ खाली दंड आहे आणि जमीन मूळ वापरात आणायची नोटीसही येऊ शकते.

ग्रामपंचायतीचा अधिकार मुख्यतः गावठाणातल्या बांधकामाचा. गावठाणाबाहेरच्या जमिनीचा वापर ती बदलू शकत नाही. कर लावला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे आमच्याकडे निम्म्या महाराष्ट्राला माहीत नाही आणि उरलेल्या निम्म्याला माहीत असून उपयोग नाही.

सई_के | १० जून, २०२४ - ०८:१५

काका, एक कळलं नाही. शेड तीच, यंत्र तेच, आवाज तेवढाच. फक्त आत शेजाऱ्याची तूर आली. मग जमिनीचा 'वापर' कसा काय बदलला?

वैरण_विहीर | १० जून, २०२४ - ०८:५१

सई, मी सांगते कसा बदलतो. घरची तूर म्हणजे वर्षातून आठ-पंधरा दिवस यंत्र चालणार. गावाची म्हणजे हंगामभर रोज. मग ट्रॅक्टरची रांग, रस्त्यावर लावलेल्या ट्रॉल्या, टरफलाची धूळ शेजारच्या पिकावर, रात्री फोकस लाइट. शेतीच्या वहिवाटीत हे बसत नाही, बसू पण नये.

मी दुसऱ्या बाजूची आहे. आमच्या शेताला लागून एकाने लॉन्स काढलं. आधी 'शेतघर' होतं. मग 'घरगुती कार्यक्रमासाठी हॉल'. मग एका लग्नसराईत आम्ही बघत राहिलो आणि कमान उभी राहिली. आता दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे गाई वासराला पाजत नाहीत, डीजेने बिथरतात. बांधावर गाड्या लावतात म्हणून बांध बसला आणि पावसाचं पाणी आमच्या वावरात शिरलं. पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास आम्ही वेचायचे. तक्रार केली तर म्हणे गावात रोजगार येतोय, तुमचं काय जातं.

नियम कुणासाठी विचारलंत ना रानपाखरू, तर शेजाऱ्यासाठी. खेड्यात धंदा काढणारा दरवेळी गरीब शेतकऱ्याचा होतकरू मुलगाच असतो असं नाही.

गुंठामंत्री | १० जून, २०२४ - ०९:०४

ताई, लॉन्सचं नाव सांगा, पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे. (पळतोय)

बांधकोऱ्या | १० जून, २०२४ - ०९:४०

मंगल कार्यालयाला शेती झोनमध्येसुद्धा परवानगी मिळते बरं का. किमान एक एकर, म्हणजे ०.४ हेक्टर जागा आणि बाकी अटी. अडचण परवानगी मिळते ही नाही, परवानगी न घेता चालतं ही आहे. परवानगी घेतली तर गाड्या लावायला जागा, रस्ता, सांडपाणी हे सगळं नकाशात दाखवावं लागतं. वैरण_विहीर यांच्या शेजाऱ्याने तेवढंच टाळलंय.

पोटखराबा | १० जून, २०२४ - ११:२०

सईताईंचा प्रश्न चांगला आहे आणि वैरण_विहीर यांनी माझ्यापेक्षा नीट उत्तर दिलं.

आता रानपाखरू यांच्या कामाचं. बिनशेती म्हटलं की सगळ्यांना एकच रस्ता आठवतो : कलम ४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग डझनभर खात्यांचे अभिप्राय. उद्योगासाठी वेगळी वाट आहे, कलम ४४-अ. १९९४ साली आलं. मालाचं उत्पादन, टिकवण, प्रक्रिया असा खराखुरा औद्योगिक वापर असेल आणि जमीन औद्योगिक झोनमध्ये असेल, किंवा शेती झोनमध्ये असून तिथल्या विकास नियंत्रण नियमांत तो उद्योग चालत असेल, किंवा त्या भागाला कुठलीच योजना लागू नसेल, तर वापर बदलण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागत नाही. वापर सुरू केल्यापासून तीस दिवसांत तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवायचं, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरायची.

अटी आहेत. मालकी निर्वेध हवी, जमिनीपर्यंत नीट रस्ता हवा, संपादन किंवा आरक्षण नको. सातबारावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असेल तर गोष्टच वेगळी, आधी ते सोडवा. आणि वापर बदलला म्हणजे बांधकामाचा नकाशा मंजूर झाला असं नाही, ते काम नगररचनेकडून स्वतंत्र.

म्हणून पहिला कागद एनएचा अर्ज नव्हे. पहिला कागद झोन दाखला. नगररचना कार्यालयात गट नंबर आणि गावनकाशा द्या, जमीन कुठल्या झोनमध्ये येते ते लेखी घ्या. तो हातात आला की तलाठी, ग्रामसेवक, सल्लागार तिघांशीही बोलायला बळ येतं.

आंबोळी | १० जून, २०२४ - १२:०२

कोकणातून हजेरी. तुमच्याकडे निदान तीनच माणसं तीन गोष्टी सांगतात. आमच्याकडे समुद्र चौथी सांगतो. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या म्हटलं तर किनाऱ्यापासून अंतर मोजा. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, २०१९ची अधिसूचना आली, दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र ५० मीटरवर आलं. पण 'दाट' म्हणजे २०११च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं. आमच्या वाडीत माणसं कमी आणि माडच जास्त, त्यामुळे आम्ही २०० मीटरवालेच राहिलो. माड मोजले असते तर सुटलो असतो.

सई_के | १० जून, २०२४ - १२:१०

हाहा, माडांची जनगणना!

तुरा_कडबा | १० जून, २०२४ - १३:४५

मला हा सगळा थाट मुळातच पटत नाही. पोटखराबा काकांबद्दल आदर आहे, पण 'परवानगी लागत नाही, फक्त कळवा' हे कागदावर. प्रत्यक्षात ४४-अ घेऊन गेलं की समोरचा कारकून म्हणतो, असं कुठलं कलम नसतं, ४४ खाली अर्ज द्या. कलम ४४ मध्ये म्हणे ९० दिवसांत निर्णय नाही झाला तर परवानगी मिळाली असं धरायचं. मग एकोणनव्वदाव्या दिवशी त्रुटीचं पत्र येतं. सातबारा जुना झाला, नवा जोडा. नवा जोडला की नकाशा जुना झालेला असतो.

माझं पापड-शेवयांचं युनिट आहे. बायकोच्या नावावर, पंधरा बाया कामाला. शहरात भाड्याच्या गाळ्यात काढलं कारण गाळ्याला आधीच सगळं होतं. शेतात काढलं असतं तर त्या बाया चालत आल्या असत्या, आता टमटमने जातात. नियमाने गावाचं काय राखलं, सांगा.

वैरण_विहीर | १० जून, २०२४ - १४:३०

तुरा_कडबा, तुमचा राग कार्यालयावर आहे, नियमावर नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुरा_कडबा | १० जून, २०२४ - १४:३८

ज्याला उंबरठे झिजवायचे त्याला त्या दोन गोष्टी एकच दिसतात, ताई.

थेम्सकाठी | १० जून, २०२४ - १९:१२

इंग्लंडमध्ये राहतो, शेताच्या जवळच. इथला प्रकार सांगतो, तुलनेला बरा. १९४७च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याने इथे जमीन मालकाची राहिली पण तिच्यावर बांधायचा हक्क सरकारी परवानगीत गेला. शेती मात्र त्या व्याख्येच्या बाहेर ठेवली. त्यामुळे अनेक वर्षं गावाकडे नांगराला मोकळीक आणि बाकी सगळ्याला नकार, असं चाललं.

मग जुनी गोठे-कोठारं ओस पडायला लागली. आता इंग्लंडमध्ये एक सोय आहे, तिला क्लास आर म्हणतात. शेतीची उभी इमारत दुकान, कार्यालय, साठवण असल्या व्यवसायाला वापरायची असेल तर पूर्ण नियोजन परवानगी लागत नाही. दीडशे चौरस मीटरपर्यंत नुसतं स्थानिक परिषदेला कळवायचं. त्याहून मोठी असेल तर वाहतूक, आवाज, जमिनीचं प्रदूषण आणि पूर या चारच मुद्द्यांवर ते बघतात. गेल्याच महिन्यात कमाल मर्यादा ५०० वरून १००० चौरस मीटर केली.

मला यातली गोम अशी वाटते : इथे इमारतीपासून सुरुवात करतात, आपल्याकडे जमिनीपासून. उभ्या शेडमध्ये काय चालतं हा त्यांचा प्रश्न, सातबारावर काय लिहिलंय हा आपला.

गुंठामंत्री | १० जून, २०२४ - १९:२५

म्हणजे 'आधी शेड मार' हा माझा सल्ला लंडनला मान्य आहे!

थेम्सकाठी | १० जून, २०२४ - १९:३१

नाही हो, ती शेड आधी खरोखर शेतीत वापरलेली असावी लागते. कालची नाही चालत.

तात्या_सीमेवरचे | १० जून, २०२४ - २०:०५

आम्हाला लंडन कशाला, नदी ओलांडली की कर्नाटक. तिथे २०२० साली कायदा बदलून बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येईल असं केलं. आपल्याकडे कूळकायद्याच्या कलम ६३ने शेतकरी नसलेल्याला जमीन मिळत नाही, उद्योगासाठी तेवढी ६३-१अ ची वाट. आमच्या भागातले लोक दोन्हीकडची जमीन बघून आलेत. तिकडे सोपं झालं, पण पैसेवाले शहरातून येऊन कुंपणं घालून गेले आणि कुंपणाच्या आत धंदा कुठलाच नाही, नुसतं गवत. त्यामुळे 'नियम काढा' एवढ्यावर माझं मत ठरत नाही.

बँकेतला_बाबा | १० जून, २०२४ - २१:५०

निवृत्त बँक अधिकारी. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एनए तलाठी मागतो त्यापेक्षा जास्त बँक मागते, आणि त्याला कारण आहे. कर्ज थकलं तर बँका २००२च्या सरफेसी कायद्याने कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ शकतात. पण त्याच कायद्याचं कलम ३१(आय) म्हणतं की शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागू नाही. म्हणून जमीन सातबारावर शेतीची असली की शाखाधिकारी मान हलवतो. तो तुमच्या उद्योगाविरुद्ध नाही, वसुलीचा विचार करतोय.

रानपाखरू, तुम्ही पीएमएफएमई योजनेत बसू शकाल. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान, पण कर्जाला जोडलेलं. म्हणजे बँक आलीच. जमीन वडिलांच्या नावावर आणि अर्जदार तुम्ही, तर नोंदणीकृत भाडेपट्टा करून ठेवा. साध्या संमतीपत्रावर काही शाखा ऐकतात, काही नाही. आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर अन्न सुरक्षेचा परवाना नको, नुसती नोंदणी पुरते.

रानपाखरू | १० जून, २०२४ - २२:१५

बाबा, हे सोनं आहे. बँकेत मला 'वरून सूचना नाहीत' एवढंच सांगितलं होतं.

फेज_गेला | ११ जून, २०२४ - ०७:५५

विजेचं बघा हो कुणीतरी. शेतीपंपाच्या जोडणीवर डाळमिल चालवायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. वीज कायदा २००३, कलम १२६, अनधिकृत वापर. ज्या कामाला वापरली त्या दराच्या दुप्पट आकारणी. शेतीचा फीडर तसाही आठ तास, त्यातही आठवडाभर रात्रीची पाळी. डाळीला तेल-पाणी लावून रात्रभर ठेवलं, सकाळी वीज नाही, दिवसभर ढगाळ, की बघा. माझ्या मावसभावाची तूर अशीच कुबट झाली. औद्योगिक जोडणी घ्या आणि अर्ज करायच्या आधी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) शेतापासून किती लांब ते मोजा. खांबांचा खर्च शेडच्या खर्चाशी भांडतो.

हुरडा_पार्टी | ११ जून, २०२४ - ०९:२०

डाळमिल सोडा, कृषी पर्यटन करा. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने धोरण आणलंय, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. शेतकरी, शेतकरी कंपन्या, कृषी महाविद्यालयं सगळ्यांना खुलं. पुण्या-मुंबईची माणसं बैलगाडीत बसायचे पैसे देतात.

तुरा_कडबा | ११ जून, २०२४ - ०९:३३

साडेतीन एकर जिरायतात मे महिन्यात काय दाखवायचं, भेगा?

हुरडा_पार्टी | ११ जून, २०२४ - ०९:४१

हंगामी चालवायचं. डिसेंबर-जानेवारी. आम्ही तेच करतो, बाकी वर्ष शेती. पण खरं सांगायचं तर नोंदणी ही पर्यटन खात्याची, बांधकामाचे नियम त्यांच्या जागी तसेच. खोल्या बांधल्या की पुन्हा नगररचना. आम्ही खोल्या बांधल्याच नाहीत, संध्याकाळी पाहुणे घरी पाठवतो.

आंबोळी | ११ जून, २०२४ - ०९:५०

आमचे पाहुणे संध्याकाळी घरी जातच नाहीत. तीच तर अडचण.

बांधकोऱ्या | ११ जून, २०२४ - ११:३०

मूळ मुद्द्यावर या रे. रानपाखरूच्या पहिल्या पोस्टमध्ये एक शब्द सगळ्यांनी ओलांडला : पाणंद.

भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढा आणि ती पाणंद नकाशावर कशी दाखवलीय ते भिंग लावून बघा. तुटक दुबार रेष असेल तर गाडीमार्ग, रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकच रेष असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. नकाशावर काहीच नसेल तर ती पाणंद म्हणजे शेजाऱ्यांची मेहेरबानी आहे, उद्या बंद.

माझ्यावर हेच गुदरलं. शीतगृह काढायचं होतं. झोन बरोबर, पैसे तयार, रस्ता मात्र वडिलांच्या काळापासून तोंडी. शेजाऱ्याने खांब पुरले. तहसीलदारांकडे कलम १४३ खाली रस्ता मागितला, मिळालाही. पण मिळतो कसा, तर दोन गटांच्या बांधावरून, दोन्हीकडून चार-चार फूट. आठ फुटांत बैलगाडी जाते, चौदा चाकी ट्रक नाही जात. शिवाय तो रस्ता शेतीच्या वहिवाटीसाठी, माझ्या शीतगृहाच्या गाड्यांसाठी नव्हे, हे शेजाऱ्याच्या वकिलाने पहिल्याच तारखेला सांगितलं. मी आता त्या आठ फुटांवरून डाळिंबं वाहतो, शीतगृह कागदावर आहे.

तेव्हा झोन दाखला आणि गावनकाशा दोन्ही एकदमच काढा. रस्ता नसेल तर बाकीच्या फायलीला हात लावू नका. शेजारी दोघं-तिघं असतील तर त्यांना आत्ताच बसवून रस्त्याची जागा नोंदणीकृत दस्ताने मिळते का बघा. मिल झाल्यावर त्यांचीच तूर तुमच्याकडे येणार आहे, हे सांगून.

पोटखराबा | ११ जून, २०२४ - १२:१०

बांधकोऱ्या, नाव बदला आता, बांध राखणारा करा :) मी कलमं सांगत बसलो, तुम्ही नेमकं दुखणं दाखवलंत. माझ्या नोकरीत अडकलेल्या फायलींपैकी बऱ्याच रस्त्यापाशीच अडकल्या होत्या. अर्जात 'रस्ता उपलब्ध' एवढं लिहायचं आणि स्थळ पाहणीला गेलं की मोटारसायकल ढकलत न्यायची.

एक भर. सगळे साडेतीन एकर एनए करू नका. शेड, वाळवणाचं खळं आणि गाड्या वळायला जागा, एवढ्याचीच मोजणी करून तेवढाच भाग करा. सगळी जमीन बिनशेती झाली आणि दुसरीकडे शेतजमीन नसली तर 'शेतकरी' म्हणून पुढे जमीन घेतानाही अडचण येते.

सई_के | ११ जून, २०२४ - १२:२५

मग दहा गुंठे मुलाच्या नावावर वेगळे काढून तिथे शेड मारली तर? वडिलांची बाकी जमीन सुरक्षित.

पोटखराबा | ११ जून, २०२४ - १२:४४

तुकडेबंदी, ताई. २०२३च्या अधिसूचनेनंतर प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे. यांची जिरायत आहे. दहा गुंठ्यांचा तुकडा पाडता येणार नाही. त्यापेक्षा बाबांनी सांगितलेला भाडेपट्टा बरा.

नवखा_०७ | ११ जून, २०२४ - १३:०५

गावठाणाजवळ एनए लागत नाही असं वाचलं होतं. २०० मीटर का काहीतरी?

पोटखराबा | ११ जून, २०२४ - १३:२०

कलम ४२-ड. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासासाठी किंवा प्रादेशिक योजनेत जे चालतं त्यासाठी बिनशेती झाली असं मानतात. शेती झोनला वगळून आणि पैसे भरून. रानपाखरूंचं शेत दीड किलोमीटरवर आहे, त्यांना उपयोग नाही.

रानपाखरू | ३ जुलै, २०२४ - २२:४८

मंडळी, अपडेट. वेळ लागला, पेरणी होती.

झोन दाखला मिळाला. प्रादेशिक योजनेत शेती झोन. नगररचनेतल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, त्यांच्या टेबलावर डिसेंबर २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीचं झिजलेलं पुस्तक होतं. त्यातला परिच्छेद बोट ठेवून दाखवला : शेतमालाशी निगडित गोदाम, प्रतवारी, पॅकिंग, साठवण, प्रक्रिया शेती झोनमध्ये चालते, बांधकाम क्षेत्राला मर्यादा आहे. म्हणाल्या नकाशा परवानाधारक अभियंत्याकडून करून आणा, सल्लागाराची गरज नाही. त्यांना डब्यातली गव्हाची लाही दिली तर घेतली नाही, 'आधी फाइल होऊ दे' म्हणाल्या.

गावनकाशा काढला. पाणंद अर्धी दुबार रेष, ओढा ओलांडला की एकेरी. म्हणजे ओढ्यापर्यंत गाडीमार्ग आणि आमच्या शेतापर्यंत पायवाट. शंभर-सव्वाशे मीटरचा प्रश्न आहे आणि दोन शेजारी. एक चुलते, ते तयार आहेत, फक्त त्यांची तूर कायम फुकट भरडायची म्हणतात. दुसरे तयार नाहीत. त्यांची विहीर त्या बाजूला आहे, ट्रकने कठडा हलेल म्हणतात. वैरण_विहीर ताईंची पोस्ट वाचली नसती तर मला त्यांचा रागच आला असता. विहिरीपासून लांबून रस्ता वळवता येतो का ते मोजणीत बघणार आहे. नाहीच जमलं तर ओढ्याच्या अलीकडे चुलत्यांचीच वीस गुंठे भाड्याने घेऊन तिथे शेड.

तोवर घरची तूर घरच्या ओसरीत, जात्याऐवजी छोटं यंत्र आणलंय. ते शेतीत बसतं की धंद्यात, पोटखराबा काका?

पोटखराबा | ४ जुलै, २०२४ - ०७:३०

घरच्या तुरीपुरतं आहे तोवर मला काही दिसत नाही.

दुसऱ्या शेजाऱ्याला सांगा, विहिरीचा कठडा तुम्ही बांधून देता म्हणून. लेखी.

बँकेतला_बाबा | ४ जुलै, २०२४ - ०८:०२

चुलत्यांशी 'कायम फुकट' कबूल करू नका. किती क्विंटल, किती वर्षं ते भाडेपट्ट्यातच लिहा. भावकीत कर्ज बुडत नाही, माणसं बुडतात.

वैरण_विहीर | ४ जुलै, २०२४ - ०९:१५

वळवा रस्ता, दादा. आणि टरफल वाऱ्याच्या बाजूला टाकू नका, गोणीत भरून विका, जनावरांना चालतं. मी घेईन.

तुरा_कडबा | ४ जुलै, २०२४ - १०:४०

त्या मॅडम आमच्या तालुक्यात बदलून येतील का?

नवखा_०७ | ४ जुलै, २०२४ - २३:११

सगळा धागा वाचला नाही, क्षमस्व. मला शेळीपालनाची शेड मारायची आहे, त्यालाही एनए लागतं का?

पोटखराबा | ५ जुलै, २०२४ - ०६:५०

शेळ्या तुमच्या असतील तर निवारा, शेतघराच्या व्याख्येत बसतो. शेजाऱ्याच्या असतील तर आधी शेजाऱ्याला विचारा.